सायलेन्सरच्या जागी वीजघर

ती. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात कंबर वाकायला तयार नाही, त्याचं कारण पुढे येईल). पत्र उघडल्याबरोबर पहिली गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुमचा रक्तदाब जागेवर राहील. तुमची गाडी सुखरूप आहे. लस सुखरूप आहे, गायी सुखरूप आहेत, ही सुखरूप आहे आणि आई तर फारच सुखरूप आहे. आईने ताईला फोनवर काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण ती फोनवर बोलते तेव्हा फोन नसता तरी ताईला ऐकू गेलं असतं. 'गाडी पेटली' हे तिचे शब्द. गाडी पेटली नाही. गाडीखाली एक लोकरीची वस्तू धुमसली. दोन्हींत फरक आहे आणि तो नीट समजावा म्हणून मी फोन न करता पत्र लिहायला बसलो आहे. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, आणि तुम्ही मध्ये बोललात की मी खरं सांगून मोकळा होतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं हे ऐकून फार बरं वाटलं. काळा चष्मा घालून तुम्ही घरातल्या घरात फिरता आणि ताई तुम्हाला 'कोण पाहिजे आपल्याला' असं विचारते, हेही कळलं. ताईच्या गुडघ्याचं काय? तिला म्हणावं, जिना चढू नको, आणि चढलीस तर मला सांगू नको, मी काळजी करतो. इकडे उन्हाने जीव नकोसा केला आहे. बाकी ठीक.

आता मूळ मुद्दा. डॉक्टरांनी तुम्हाला सहा महिने गाडी चालवू नका म्हटलं आणि तुम्ही मोठ्या मनाने ती माझ्या हवाली केलीत. किल्ली देताना तुम्ही एकच अट घातली होती की गाडीत काही बदलायचं नाही. मी ती अट शब्दशः पाळली आहे. गाडी*त* काही बदललेलं नाही. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच आहे, आरशाला लटकवलेला माकडाचा चेहरा तसाच आहे, रेडिओ तसाच बंद आहे. जे काही झालं ते गाडी*खाली* झालं.

तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या कॉलेजाने विज्ञान शाखा बंद केली आणि प्रयोगशाळेसकट प्रयोगशाळेचा सहायकही (म्हणजे मी) बंद झाला. सत्तावीस वर्षं पोरांना परीक्षानळ्या फोडू नका म्हणून ओरडलो आणि शेवटी एक शाल आणि एक घड्याळ घेऊन घरी आलो. त्याच सुमारास हिच्या दवाखान्याची जीप मोडली. ही जनावरांची डॉक्टर, रोज दहा गोठे पालथे घालणारी, आणि जीपच्या दुरुस्तीचा कागद खात्यात कुठल्या तरी टेबलावर निवांत पडलेला. तेव्हा तुमची गाडी, मी तिचा ड्रायव्हर आणि मागच्या सीटवर औषधांच्या बॅगा, अशी आमची फेरी सुरू झाली. लोक मला 'डॉक्टरीणबाईंचे ड्रायव्हर' म्हणू लागले. एका म्हाताऱ्याने तर पगार किती मिळतो असंही विचारलं, आणि खरा आकडा ऐकून त्याने हिच्याकडे फार वाईट नजरेने पाहिलं. मला तसं वाईट वाटत नव्हतं, पण बरंही वाटत नव्हतं. ही गोठ्यात शिरायची, आणि मी बाहेर गाडीत बसून माशा मोजायचो.

या उन्हाळ्यात खुरांचा आजार पसरायला लागला आणि हिच्या वाट्याला लसीच्या कुप्या आल्या त्या मोजक्याच. ही लस गार ठेवावी लागते. तापली की गेली, वरून काही कळतही नाही; दिसायला तीच, टोचायला तीच, फक्त उपयोग शून्य. कुप्या वाया गेल्या तर पुढचा साठा महिनाभर तरी नाही, आणि तोवर कितीतरी गायी आडव्या झाल्या असत्या. लोक आधीच विचारत होते, बाई, आमच्यापर्यंत पुरेल ना? हिने सगळ्यांना पुरेल म्हणून शब्द दिला होता. हिचा शब्द म्हणजे काय चीज आहे हे तुम्ही आमच्या लग्नापासून बघत आला आहात. खात्याने दिलेला बर्फाचा डबा जुना, त्याचं झाकण सैल, दुपारपर्यंत आत पाणी. ही रोज त्या झाकणाला रुमाल बांधायची आणि रोज काळजी करायची. ती काळजी बघवेना, म्हणून मी उठलो. (ही म्हणते, तिथेच चुकलं.)

दाजी, तुम्ही आयुष्यभर पेट्रोल भरलंत, पण त्याचं पुढे काय होतं याचा कधी विचार केलात का? पेट्रोलचे ढोबळमानाने तीन वाटे पाडले तर एका वाट्यावर गाडी पळते, एक रेडिएटर खातो आणि एक नुसता गरम धूर होऊन मागच्या नळीतून निघून जातो. म्हणजे तुम्ही पंपावर पैसे मोजता त्यातला मोठा हिस्सा रस्त्याला शेक देण्यात खर्च होतो. हे मला प्रयोगशाळेत असतानाही ठाऊक होतं, पण तेव्हा ते पुस्तकातलं होतं. आता गोठ्याबाहेर बसल्या बसल्या मागून येणारा तो गरम झोत बघून माझा जीव तळमळायला लागला. इतकी उष्णता फुकट चालली आहे आणि इकडे गारव्यासाठी बायको झाकणाला रुमाल बांधते आहे. खरं सांगायचं तर मीही त्या वेळी तसाच फुकट चाललो होतो, म्हणून तो विषय मला जास्त झोंबला असेल.

कॉलेजाने भंगारात काढलेल्या सामानात मला बिस्किटाएवढ्या चौकोनी पट्ट्या मिळाल्या होत्या. त्यांची गंमत अशी, की एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली की त्यांच्यातून वीज निघते. फिरणारं चाक नाही, आवाज नाही, काही नाही. मात्र एक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. वीज उष्णतेतून येत नाही, *फरकातून* येते. दोन्ही बाजू गार, वीज नाही. दोन्ही बाजू गरम, तरी वीज नाही. एक तापलेली आणि एक थंड असेल तरच काम होतं. (आमच्या संसाराचंही तेच आहे. ही तापली आणि मी थंड राहिलो की घर सुरळीत चालतं. दोघंही एकदम तापलो, त्या दिवशी साधा चहासुद्धा होत नाही.)

तर योजना अशी ठरली. धुराच्या नळीभोवती पट्ट्या बसवायच्या, त्यांच्या बाहेरच्या अंगाला ॲल्युमिनियमचे पंख लावायचे, म्हणजे गाडी पळताना वारा लागून ती बाजू गार राहील. जी वीज येईल तिच्यावर डिकीतली शीतपेटी चालवायची. शीतपेटी मी मित्राकडून आणली, गाडीत विजेवर चालणारी, छोट्या ट्रंकेएवढी. तुम्ही म्हणाल, गाडीच्या बॅटरीवरच का नाही चालवली? दाजी, हा प्रश्न हिनेही विचारला होता, आणि मी तिला जे उत्तर दिलं तेच तुम्हाला देतो: मग त्यात विशेष काय?

वेल्डिंगला आमचा नळीवाला मिळाला. हा गॅरेजवाला जगात फक्त नळ्या वाकवतो, म्हणून त्याचं नाव नळीवाला. अबोल, आज्ञाधारक, आणि दिलेल्या कामाला का म्हणून कधीही न विचारणारा. माझी कंबर तुम्ही जाणताच, मला गाडीखाली शिरणं शक्य नाही, तेव्हा मी बाहेर स्टुलावर बसून सूचना करायचो आणि तो आत आडवा होऊन हं म्हणायचा. माझा आराखडा दर दोन दिवसांनी सुधारायचा. कधी पंख लांब, कधी आखूड, कधी वर जाळी, कधी जाळी काढ. तो निमूटपणे बदलत गेला. इतका की पुढे पुढे मी काहीही दिलं तरी तो विचार न करता बसवायला लागला. ही गोष्ट मला तेव्हा त्याचा गुण वाटत होती.

यंत्र चाललं, दाजी. तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका. गाडी तापली की समोर ठेवलेल्या विजेच्या मीटरच्या काट्याने मान उचलायची आणि डिकीतल्या शीतपेटीचा पंखा घुं घुं करायला लागायचा. त्या आवाजाने मला जे सुख दिलं ते मला निरोप समारंभातल्या भाषणांनी दिलं नाही. हिने पहिल्या दिवशी डिकी उघडून पेटीत हात घातला, जरा वेळ तसाच ठेवला आणि 'बरं आहे' म्हणाली. त्या दिवसापासून गोठा आला की ही मागे जायची, डिकीचं दार वर व्हायचं, मला आरशात नुसतं दारच दिसायचं, आणि ही लस घेऊन आत जायची. मी पुढे बसून काट्यावर नजर. (हिचं म्हणणं होतं की रस्ता काट्यात नाही, काचेबाहेर आहे.)

एकच अडचण होती. इंजिन बंद केलं की नळी गार, आणि नळी गार की वीज बंद. म्हणून गोठ्याबाहेर मी इंजिन चालूच ठेवायचो. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की गाडी बंद पडली तर पुन्हा सुरू होत नाही. माणसं फार भली. ही बाहेर आली की चारपाच जण न सांगता मागे उभे राहायचे आणि धक्का द्यायचे. मी पहिल्यांदा समजावून सांगितलं, दुसऱ्यांदा समजावून सांगितलं, मग हात दाखवून धन्यवाद म्हणायला लागलो. तुमच्या गाडीला गेल्या दोन महिन्यांत जेवढा धक्का मिळाला तेवढा तिला जन्मात मिळाला नसेल, आणि एकदाही गरज नव्हती.

आता आई. तुमच्या सासूबाईंना प्रत्येक वस्तूला अभ्रा शिवायची सवय आहे हे मी तुम्हाला काय सांगावं? मिक्सरला अभ्रा, रेडिओला अभ्रा, रिमोटला अभ्रा, अभ्रे ठेवायच्या पेटीलाही अभ्रा. मी रोज जेवताना उष्णता कशी वाया जाते यावर बोलत असे. ही ऐकत नसे, म्हणून मी आईकडे बघून बोलत असे. आई सगळं लक्षपूर्वक ऐकायची. दोन महिने ऐकून तिने स्वतःचा निष्कर्ष काढला: पोराची उष्णता वाया जाते आहे आणि घरात कुणालाही त्याचं काही नाही. एके दिवशी यंत्र सफाईसाठी काढून अंगणात ठेवलं होतं. आईने हात लावून पाहिलं तर पंख गार. तिने त्याचं माप घेतलं, जुन्या कांबळ्याचा दुपदरी अभ्रा शिवला, कडेला हिरव्या लोकरीची वेल काढली, आणि नळीवाला यंत्र न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात ठेवून 'हे यावरून घालायचं आहे' एवढंच म्हणाली. नळीवाला हं म्हणाला. त्याने गाडीखाली आडवं होऊन यंत्र बसवलं आणि त्यावर तो अभ्रा तारेने घट्ट बांधला. मी बाहेर स्टुलावर होतो.

म्हणजे जी बाजू गार राहायला हवी तिलाच कांबळं. आणि हे सगळं मला काहीही माहीत नसताना, नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी उरलेल्या सगळ्या कुप्या घेऊन शेवटच्या लांबच्या फेरीला निघायचं होतं.

निघालो तेव्हा काटा छान वर होता. गाव मागे पडलं आणि काटा उतरायला लागला. मला वाटलं, नळी पुरेशी तापत नाही. म्हणून मी ॲक्सिलरेटर दाबला. काटा आणखी उतरला. मी आणखी दाबला. आता कळतं, की मी जितका दाबत होतो तितकं कांबळ्याआड दोन्ही बाजूंना सारखंच तापत होतं आणि वीज जीव सोडत होती. पण त्या वेळी डोकं चालत नव्हतं. मागे पंख्याचा घुं घुं मंदावला, मग थांबला. बाहेर ऊन असं की चप्पल डांबराला चिकटावी. डिकीत, माझ्या समजुतीप्रमाणे, सगळ्या गायींचा जीव, आणि शेजारी ही शांतपणे खिडकीबाहेर बघत बसलेली. मी तिला काही सांगितलं नाही. तिने दिलेला शब्द माझ्या हौसेपायी पाण्यात जाणार, आणि उद्या लोक तिला विचारणार, हे एकच डोक्यात घोळत होतं. ती म्हणाली, शर्यत आहे का कुठे? मी म्हटलं, छे, रस्ता मोकळा आहे. रस्त्यावर म्हशी होत्या.

मग वास आला. केस जळल्याचा. हिने नाक वर केलं आणि म्हणाली, जवळ कुणीतरी वासराची शिंगं डागतंय, बघायला पाहिजे, नीट करत नाहीत हे लोक. धंद्याने माणसाच्या नाकालाही वळण लागतं. मी आरशात पाहिलं तर मागे धुराचा लोट. बाजारपेठ आली होती. मी ब्रेक दाबला, हिला उतर म्हणालो, डिकी उघडली आणि शीतपेटी काखोटीला मारून पळालो. कंबरेचं सध्या जे काही चाललं आहे ते त्या क्षणापासून. समोर एक आइस्क्रीमचं दुकान होतं. ही मागून काहीतरी ओरडत होती, पण मला वाटलं ती गाडीबद्दल ओरडते आहे, आणि क्षमा करा दाजी, त्या वेळी मला तुमच्या गाडीची पर्वा नव्हती.

दुकानदार हा देवमाणूस. मी आत शिरून 'लस आहे, फ्रीझर रिकामा करा' एवढंच म्हणालो, आणि त्याने एका शब्दाने न विचारता भराभर माल बाहेर काढला. पेटी आत बसेना म्हणून वरचा कप्पा उचकटला. तो पेटीचं झाकण उघडायला लागला तेव्हा मी अक्षरशः त्याच्या अंगावर गेलो. म्हटलं, आत गरम हवेचा एक श्वास गेला तरी सगळं संपेल. तेवढ्यात बघ्यांची गर्दी जमली. लोक विचारायला लागले तसं मी, एक हात फ्रीझरवर ठेवून, त्यांना सगळं सांगितलं. किती गोठे वाट बघताहेत, कुप्या कशा मोजक्या आहेत, डॉक्टरीणबाईंनी कसा शब्द दिला आहे. एक बाई डोळे पुसायला लागल्या. दुकानदाराने बाहेर काढलेला माल वितळत होता, तो त्याने कपांतून गर्दीला वाटायला सुरुवात केली, आणि लोक आइस्क्रीम खात खात माझ्या दुःखात सहभागी झाले.

इतक्यात ही आली. हात वाळूने माखलेले (शेजारी बांधकामाची वाळू होती, ती फावड्याने गाडीखाली टाकून तिने धूर केव्हाच विझवला होता), आणि खांद्याला खात्याचा तो जुना, सैल झाकणाचा बर्फाचा डबा. रुमालासकट. तिने गर्दीकडे पाहिलं, फ्रीझरकडे पाहिलं आणि मला विचारलं, "माझे गमबूट फ्रीझरमध्ये का ठेवलेत?"

मी पेटीचं झाकण उघडलं. आत तिचे धुतलेले गमबूट, एक ॲप्रन, एक टॉवेल आणि पाण्याची बाटली. लस नव्हती. लस कधीच नव्हती. पहिल्या दिवसापासून ही डिकीच्या दाराआड उभी राहून कोपऱ्यात ठेवलेल्या त्या जुन्या डब्यातून कुप्या काढत होती, आणि सकाळी माझ्याआधी उठून डब्यात दुप्पट ताजा बर्फ भरत होती. दाजी, माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच एका उलट्या क्रेटवर बसलो आणि गर्दीसमोर रडलो. ओक्साबोक्शी नाही, पण रडलो. दुकानदाराने माझ्याही हातात एक कप दिला. लोकांचं काय झालं म्हणाल तर ज्या बाई डोळे पुसत होत्या त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू देत. सगळ्या कुप्या गार होत्या, आणि मला त्या वेळी जगातल्या कुणाचाही राग येत नव्हता.

राग आला तो नंतर. फेरी तर पुरी करायची होती. नळीवाल्याला फोन करून बोलावलं, त्याने गाडीखालून जळकं कांबळं ओढून काढलं, यंत्राला हात लावून बघितलं, हं म्हणाला. गाडी चालत होती, आणि काट्यानेही पुन्हा मान उचलली. मग आम्ही उरलेले सगळे गोठे घेतले आणि शेवटची कुपी शेवटच्या गायीला टोचून झाली तेव्हा दिवस कलला होता. परतताना मी हिला म्हटलं, इतके दिवस मला मूर्ख बनवलंस. ती म्हणाली, "लस खात्याची आहे, हौस तुमची आहे. दोन्ही एका पेटीत ठेवून कसं चालेल?" मी म्हटलं, मग तसं तोंडावर सांगायचं. तिने डब्याच्या झाकणाचा रुमाल सोडून त्याची घडी घातली. मग म्हणाली, तुम्ही पंख्याचा आवाज ऐकत बसलेले बरे दिसायचात. मी गाडी चालवत राहिलो. रागावायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही, कारण मनातून सारखं हायसं वाटत होतं. सगळ्या गायींना लस मिळाली होती ना.

घरी आल्यावर जळकं कांबळं आईपुढे ठेवलं. कडेची हिरवी वेल अजून ओळखू येत होती. आईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, मी तेव्हाच म्हणत होते, आताची लोकर चांगली येत नाही. मी तिला फरकाचं सगळं शास्त्र पुन्हा समजावलं, एक बाजू गरम, एक बाजू गार. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, अरे, पण उष्णता वाया जाते म्हणून रोज ताटावर बसून रडत कोण होतं? चूक तिची नाही. प्रयोगशाळेत मी पोरांना सांगायचो, अर्धवट समजावणं म्हणजे न समजावणं. त्या पोरांना आता भेटलो तर काय तोंड दाखवू?

असो. सगळं निभावलं, हेच खूप. मी आता या नादातून पूर्णपणे बाहेर पडलो आहे. यंत्र उतरवणार, पट्ट्या माळ्यावर टाकणार, शीतपेटी मित्राला परत करणार. उष्णता वाया गेली तर जाऊ दे, ती माझ्या बापाची नाही. तुमच्या डोळ्यांना सहा महिने पुरे झाले की गाडी जशी दिलीत तशी तुमच्या दारात आणून उभी करीन, हा माझा शब्द. ताईला नमस्कार. तिला आईचं सगळं खरं मानू नको म्हणावं, आणि माझंही.

तुमचा,
डॉक्टरीणबाईंचा ड्रायव्हर (बिनपगारी)

ता. क. १: वर 'जशी दिलीत तशी' असं लिहिलं आहे, त्याबाबत एक लहानसा खुलासा. यंत्र बसवायचं म्हणून तुमच्या गाडीचा मूळ सायलेन्सर आणि मधली नळी काढली होती. ती नळीवाल्याकडे जपून ठेवायला दिली होती. त्याने ती जपून दुसऱ्या एका गाडीला बसवली, आणि ती गाडी कुणाची हे त्याला आठवत नाही. (विचारलं तर हं म्हणतो.) यंत्र काढलं तर गाडी ट्रॅक्टरसारखी वाजते. हे मॉडेल आता निघत नाही, तेव्हा तुमच्याकडच्या जुन्या सामानाच्या बाजारात तसा सायलेन्सर मिळाला तर कृपया ताबडतोब पाठवा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं.

ता. क. २: आई पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे यायचं म्हणते. तुमचा इन्व्हर्टर फार तापतो असं तुम्ही तिला फोनवर बोललात म्हणे. तिने त्याचं माप विचारलं आहे. देऊ नका.

ता. क. ३ (हे अक्षर माझं. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलं म्हणून लिहिते.)

दाजींना नमस्कार. ह्यांनी लिहिलंय ते बरंचसं खरं आहे, पण त्यांना माहीत नाही असं एक राहिलं. त्या पेटीत मी पहिल्या दिवसापासून टॉवेलात गुंडाळून थर्मामीटर ठेवला होता. लसीला पुरेल इतकी गार ती एकदाही झाली नाही, आणि होणारही नव्हती. पण गमबुटांच्या शेजारी माझी पाण्याची बाटली असायची. दाजी, एवढी वर्षं मी उन्हातान्हात गोठे फिरते आहे, पण दुपारी गोठ्याबाहेर येऊन गार पाणी प्यायला मला पहिल्यांदा या उन्हाळ्यात मिळालं. फार बरं वाटायचं. ह्यांना सांगितलं असतं तर ते दुसऱ्या दिवसापासून बर्फ करायच्या मागे लागले असते, म्हणून बोलले नाही.

बाजारात सायलेन्सर मिळाला, तरी मिळत नाही असंच कळवा. निदान पाऊस पडेपर्यंत.